फेडरल एचएसटी १२४ ग्रेन: पिस्तुलात कुठली गोळी ठेवायची, माझा तीन वर्षांचा अनुभव

मी टेक्सासमध्ये राहते, ह्यूस्टनच्या बाहेर, आणि माझ्याकडे ग्लॉक १९ हे पिस्तूल आहे चार वर्षांपासून. पिस्तूल घेताना सगळे भरभरून सल्ले देतात, कुठलं घे, बॅरल किती इंची हवं, होल्स्टर कुठलं, पण त्यात भरायचं काय याबद्दल कोणी धड बोलत नाही आणि जे बोलतात ते पेटीवर छापलेलंच वाचून दाखवतात. आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या तीन-चार जणींनी गेल्या दोन महिन्यांत मला हेच विचारलं म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकतेय.

उत्तर आधीच देते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. मी फेडरल कंपनीची एचएसटी नावाची गोळी वापरते, नऊ एमएम, १२४ ग्रेन वजनाची, साध्या प्रेशरची, प्लस पी म्हणजे जास्त प्रेशरची नाही. तीन वर्षांत या गोळीचे साधारण साडेतीनशे राउंड मी माझ्या पिस्तुलातून उडवले असतील आणि त्यातला एकही अडकलेला नाही. बाकी जे काही खाली लिहितेय ते मी इथपर्यंत कशी आले त्याचं आहे, आणि मला वाटतं गोळीच्या नावापेक्षा तेच जास्त कामाचं आहे, कारण तुमचं पिस्तूल वेगळं, हात वेगळे, घर वेगळं.

पिस्तूल का घेतलं ते थोडक्यात. नवरा समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर कामाला असतो, चौदा दिवस तिकडे, चौदा दिवस घरी. एका रात्री दोनच्या सुमाराला मागच्या दाराचं हँडल कोणीतरी खालीवर करत होतं, मी आणि दोन मुली घरात, फोनवर पोलिसांशी बोलत बाथरूममध्ये बसलो होतो. माणूस निघून गेला, कोण होता कळलं नाही. गाडी यायला जो वेळ लागला तो मी मिनिटामिनिटाने मोजलाय. त्यानंतर मी आधी पिस्तूल चालवायचा क्लास लावला, मग पिस्तूल घेतलं, याच क्रमाने, आणि हा क्रम उलटा करू नका असं मी प्रत्येकीला सांगते.

पहिले सहा-आठ महिने मी मॅगझिनमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीत, तीच गोळी ठेवायचे जी नेमबाजीच्या रेंजवर उडवायचे, ११५ ग्रेनची साधी एफएमजे, म्हणजे गोल नाकाची, शिशावर तांब्याचं पूर्ण आवरण असलेली. स्वस्त, कुठेही मिळते, पिस्तुलात सुरळीत चालते. मला वाटायचं गोळी ती गोळी, लागली की झालं. क्लासमधल्या सरांनी एकदा सहज विचारलं घरी काय भरून ठेवता, मी सांगितलं, तर ते म्हणाले तुमच्या मुलींच्या खोलीची भिंत कुठल्या बाजूला आहे? मला काही सुचेना. एफएमजे माणसाच्या अंगातून आरपार जाऊ शकते आणि पलीकडे जे असेल त्याला लागते, आणि इथली घरं आपल्यासारखी विटांची नाहीत, लाकडाचा सांगाडा आणि दोन्हीकडून शीटरॉक म्हणजे जिप्समचे बोर्ड, त्यातून तर गोळी एकामागून एक खोल्या ओलांडते. त्या दिवशी घरी येऊन मी पलंगाजवळ उभी राहिले आणि कुठे निशाणा धरला तर पाठीमागे काय येतं ते प्रत्येक कोपऱ्यातून बघितलं. एका कोपऱ्यातून बरोबर धाकटीचा पलंग येत होता. पलंग त्याच संध्याकाळी हलवला.

तर हॉलो पॉइंट इथून सुरू झालं. हॉलो पॉइंट म्हणजे गोळीच्या नाकाला खड्डा असतो, अंगात शिरली की त्या खड्ड्यात ओलावा दाबाने भरतो आणि गोळी फुलासारखी उघडते, रुंद होते, वेग पटकन कमी होतो, त्यामुळे आरपार जायची शक्यता कमी होते. मी बाबांना हे फोनवर सांगितलं. बाबा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून रिटायर झालेत, आमचं सगळं लहानपण तिथल्याच क्वार्टर्समध्ये गेलं, ती फॅक्टरी १८६९ सालची आहे आणि भारतात काडतुसाच्या बुडाला जे केएफ असं कोरलेलं दिसतं ते खडकीचं, किर्की फॅक्टरी. बाबा लगेच म्हणाले, "अगं पण ही तर दमदम गोळी झाली, त्याला बंदी आहे ना?"

बाबांचं अर्धं बरोबर होतं. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात इंग्रजांनी १८९० च्या दशकात अशी उघडणारी गोळी बनवली, तिच्यावरून जगभर बोंब झाली आणि १८९९ मध्ये हेगच्या जाहीरनाम्यात युद्धात अशा गोळ्या वापरायच्या नाहीत असं ठरलं. पण ते सैन्यांसाठी आणि लढाईसाठी. अमेरिकेत पोलीस हॉलो पॉइंटच वापरतात आणि त्याचं एक मोठं कारण हेच की वस्तीत गोळी आरपार जाऊन मागच्या माणसाला लागू नये. बाबांना हे पटायला दोन-तीन फोन लागले. मला मात्र बरं वाटलं की त्यांनी विचारलं, कारण त्यामुळे मला स्वतःला नीट शोधावं लागलं, नाहीतर मीही पेटीवरचं वाचून गप्प बसले असते.

ग्रेन म्हणजे काय हे पण बाबांनीच समजावलं. ग्रेन हे वजन आहे, गोळीच्या पुढच्या शिशाच्या भागाचं, दारूचं नाही, इथे खूप जणांचा गोंधळ होतो. जुना तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन. म्हणजे १२४ ग्रेनची गोळी पाऊण तोळ्याहून जरा कमी, साधारण आठ ग्रॅम. नऊ एमएममध्ये तीन वजनं सर्रास मिळतात, ११५, १२४ आणि १४७. हलकी गोळी जोरात जाते, जड गोळी हळू जाते पण खोल शिरायची जिद्द जास्त. एचएसटीचं म्हणाल तर १२४ ग्रेनला कंपनी सेकंदाला ११५० फूट वेग सांगते आणि १४७ ला १००० फूट.

आता खोल किती जायला हवी हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि इथे मला वाटतं प्रत्येकाने मायामीची गोष्ट वाचायलाच हवी. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयची माणसं आणि बँका लुटणारे दोघे यांच्यात गोळीबार झाला. त्यातल्या एका लुटारूला सुरुवातीलाच एक नऊ एमएमची हॉलो पॉइंट लागली, ती दंडातून आरपार जाऊन छातीत शिरली आणि हृदयाच्या थोडं अलीकडे थांबली. जखम जीवघेणीच होती, पण तो लगेच पडला नाही, पुढची कित्येक मिनिटं लढत राहिला आणि त्यात दोन एजंट मेले, पाच जखमी झाले. गोळी उघडली होती, जसं उघडायला हवं तसंच, फक्त थोडी उथळ गेली. त्यानंतर एफबीआयने गोळ्या तपासायची पद्धतच बदलली. दहा टक्के जिलेटिनचा ठोकळा करायचा, चार डिग्री सेल्सियसला थंड, त्यात गोळी कमीत कमी १२ इंच गेली पाहिजे आणि १८ इंचांच्या पुढे जायला नको. नुसत्या जिलेटिनमध्ये नाही, जाड कपडे घालून, शीटरॉक लावून, प्लायवूड, पत्रा आणि गाडीची काच लावून सुद्धा.

१२ इंच ऐकून मला आधी वाटलं एवढं कशाला, माणसाची छाती काय फूटभर जाड असते का. पण समोरचा माणूस चित्रासारखा सरळ उभा राहत नाही ना, तिरका असतो, हात पुढे असतो, हातातूनच पाच-सहा इंच जातात, शिवाय अंगाने जाड असेल तर अजून. म्हणून १२. हे एकदा डोक्यात बसलं की बाजारातल्या निम्म्या पेट्या आपोआप बाद होतात, कारण ज्या अतिहलक्या आणि अतिवेगवान गोळ्या असतात त्या बऱ्याचदा उघडतात झकास, जखम वरवर मोठी दिसते, पण आत सात-आठ इंचांतच संपतात.

अशी एक मी घेतली होती. नाव घेत नाही. पेटी एकदम भडक, आणि दुकानातल्या माणसाने बायकांसाठी हीच बेस्ट, झटका कमी बसतो असं सांगून माझ्या हातात दिली, वीस गोळ्यांचे चाळीसच्या वर डॉलर घेतले. रेंजवर तिसऱ्याच गोळीला पिस्तूल अडकलं, गोळीचं नाक चेंबरच्या, म्हणजे उडण्याआधी गोळी जिथे बसते त्या जागेच्या, तोंडाशी जाऊन टेकलं आणि स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, अर्धवट उघडी. सोडवलं, पुन्हा सुरू केलं, नवव्या गोळीला परत तेच. म्हणजे वीसमध्ये दोनदा. त्या रात्री मागच्या दाराशी जर असं झालं असतं तर, हे मी घरी येताना गाडीत सारखं मनात घोळवत होते. उरलेल्या गोळ्या मी रेंजवर संपवून टाकल्या आणि तेव्हापासून माझा पहिला नियम हा आहे की माझ्या पिस्तुलात, माझ्या हातात, न अडकता चालते का, हे आधी, बाकीचं सगळं नंतर. जगातली सगळ्यात चांगली गोळी चेंबरमध्ये शिरलीच नाही तर तिचा काय उपयोग.

मग मी तीन गोळ्या निवडून नीट तपासल्या. स्पीअरची गोल्ड डॉट १२४ ग्रेन, हॉर्नडीची क्रिटिकल डिफेन्स ११५ ग्रेन आणि ही एचएसटी. प्रत्येकीच्या किमान पन्नास, वेगवेगळ्या तीन मॅगझिनमधून, दोन्ही हातांनी, नुसत्या उजव्या हाताने, नुसत्या डाव्या हाताने, आणि हात जरा सैल धरून सुद्धा, कारण घाबरल्यावर पकड सैलच असते. खर्च झाला, खोटं का बोलू, पण हा एकदाच करायचा खर्च आहे.

गोल्ड डॉट फार म्हणजे फारच भरवशाची आहे. तिचं तांबं शिशावर इलेक्ट्रोप्लेटिंगने चढवलेलं असतं, त्यामुळे काच किंवा पत्र्यातून गेली तरी शिसं आणि आवरण सुटं होत नाही, न्यूयॉर्कच्या पोलिसांकडे तिचीच १२४ ग्रेन प्लस पी कित्येक वर्षं होती. माझ्याकडे एकही अडकली नाही. कोणाला एचएसटी मिळत नसेल तर बिनधास्त ही घ्या, मी स्वतः पण घेईन.

क्रिटिकल डिफेन्सचा खड्डा लाल रबरासारख्या टोकाने भरलेला असतो. त्याचं कारण कपडे. साध्या हॉलो पॉइंटच्या खड्ड्यात जीन्सचा किंवा जॅकेटचा तुकडा ठासून बसला की ती उघडतच नाही आणि एफएमजेसारखी पुढे जाते, लाल टोक असेल तर कापड आत शिरत नाही. झटका खरंच सौम्य आहे, नाक गोलसर असल्यामुळे पिस्तुलात सरसर शिरते. माझ्या बहिणीसारख्या चुलत जावेला, जिचं पिस्तूल अगदी छोटं आहे, मी हीच सुचवली आणि ती खूश आहे. मी का नाही घेतली तर जिलेटिनच्या ज्या चाचण्या मी बघितल्या त्यात ती १२ इंचांच्या आसपास घुटमळते, आणि मला थोडी जास्त खोली हवी होती. न्यू जर्सीतल्या लोकांसाठी मात्र हिचं वेगळं महत्त्व आहे, तिकडे हॉलो पॉइंट घरात ठेवायला चालते पण बाहेर बाळगण्यावर निर्बंध आहेत, आणि तिथल्या राज्य पोलिसांनीच सांगितलंय की असं टोक भरलेली गोळी हॉलो पॉइंटमध्ये धरली जात नाही. एडिसनला आपले एवढे मराठी लोक आहेत म्हणून मुद्दाम लिहितेय, तरी तुमच्या राज्याचा आजचा कायदा तुम्ही स्वतः वाचा.

आता एचएसटी. ही फेडरलच्याच जुन्या हायड्रा-शॉक नावाच्या गोळीच्या पुढची पिढी. खड्डा मोठा आणि खोल आहे, कडेला चिरा दिलेल्या, त्यामुळे उघडली की पाकळ्या स्वच्छ वेगळ्या होतात, नऊ मिलिमीटरची गोळी पंधरा-सोळा मिलिमीटरपर्यंत रुंद होते. कपड्याच्या चार थरांतून गेली तरी उघडते, यात ती गोल्ड डॉटच्या सुद्धा एक पाऊल पुढे आहे असं माझं मत झालंय बऱ्याच चाचण्या बघून. खोली १२ ते १८ इंचांमध्ये बसते, १२४ ग्रेन वरच्या बाजूला झुकते. काडतुसाची पुंगळी निकेल चढवलेली, चांदीसारखी चमकते, आणि याचा फायदा मला आधी कळला नव्हता पण अंधुक उजेडात स्लाइड किंचित मागे ओढून चेंबरमध्ये गोळी आहे का बघायचं असेल तर पिवळ्या पितळेपेक्षा हे पटकन दिसतं. उजेड कमी करून उडवली तेव्हा तोंडाशी जाळ पण अगदी थोडा, डोळे दिपत नाहीत. रात्री घरात हे किती महत्त्वाचं आहे ते अंधारात एकदा स्वस्त एफएमजे उडवून बघितल्यावर कळेल.

प्लस पी का नाही? साध्या नऊ एमएमला जास्तीत जास्त प्रेशर ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), प्लस पीला ३८,५००. म्हणजे फरक आहे पण आभाळाएवढा नाही, वेग पन्नासेक फूट वाढतो. माझे हात लहान आहेत, प्लस पीने माझी दुसरी गोळी निशाण्यावर यायला स्पष्ट उशीर होत होता, आणि पहिली गोळी लागेलच याची खात्री मला काय, कोणालाच नसते. पोलीसवाल्या धिप्पाड माणसाला चालतं म्हणून आपल्याला चालेलच असं नाही. दुकानात कोणी जास्त पॉवरफुल म्हणून प्लस पी गळ्यात मारत असेल तर आधी दोन्ही उडवून बघा, टायमर लावून.

पिस्तूल खूप छोटं असेल, तीन इंची बॅरलचं, तर गणित जरा बदलतं, कारण बॅरल आखूड म्हणजे वेग कमी आणि वेग कमी म्हणजे गोळी उघडेलच असं नाही. त्यासाठी गोल्ड डॉटची शॉर्ट बॅरल म्हणून वेगळी येते, एचएसटीची पण मायक्रो म्हणून १५० ग्रेनची येते. आपल्या लोकांत खूप जणींना पर्समध्ये मावेल असं छोटं पिस्तूल आवडतं, त्यांनी हे नक्की बघावं. आणि तीनशेऐंशी (.३८०) या नऊ एमएमपेक्षा कमी ताकदीच्या कॅलिबरवाल्यांनो, तुमच्याकडे खोली आणि उघडणं यातलं बहुतेक वेळा एकच मिळतं, जमत असेल तर नऊ एमएमला या.

यूट्यूबवर जे पारदर्शक जेल दिसतं, काचेसारखं, ते एफबीआयवालं जिलेटिन नाही. ते सिंथेटिक असतं, त्यात गोळी बऱ्याचदा जास्त खोल जाताना दिसते, त्यामुळे एका व्हिडिओतला आकडा आणि दुसऱ्या चाचणीतला आकडा समोरासमोर ठेवून भांडू नका. एकाच जेलमधल्या दोन गोळ्यांची तुलना करायला ते ठीक आहे.

आणि एक गैरसमज जो मलाही होता तो इथे मोडते. हॉलो पॉइंट भिंतीतून जात नाही असं लोक छातीठोकपणे सांगतात. जाते. शीटरॉकमधून जाताना त्या खड्ड्यात भिंतीचा पांढरा चुरा ठासून बसतो, मग ती उघडत नाही आणि सरळ एफएमजेसारखी पुढच्या खोलीत जाते. माणसाला लागलेली हॉलो पॉइंट आरपार जाण्याची शक्यता कमी, पण चुकलेली हॉलो पॉइंट भिंतीला थांबत नाही. कुठलीही पेटी तुमची ही काळजी मिटवू शकत नाही, ती निशाण्याने आणि घरात कुठे उभं राहायचं हे आधी ठरवल्यानेच मिटते. मी मुलींना सांगून ठेवलंय की असं काही झालं तर तुम्ही माझ्या खोलीत यायचं, मी तुमच्याकडे येणार नाही, आणि मग आम्ही तिघी एका बाजूला आणि दार दुसऱ्या बाजूला, मागे बाहेरची भिंत. वर्षातून दोनदा आम्ही हे करून बघतो, पिस्तुलाशिवाय.

पिस्तूल तिजोरीत असतं, बोटाच्या ठशाने नव्हे, बटणांनी उघडणाऱ्या. टेक्सासमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं पिस्तूल लागेल असं निष्काळजीपणे ठेवणं हा गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी मी तसंच ठेवलं असतं.

किमतीचं. मी पन्नासच्या पेटीत घेते, साध्या खोक्यात येते, ऑनलाईन मला साधारण पस्तीस-छत्तीस डॉलरला पडते. दुकानात तीच गोळी वीसच्या छोट्या पेटीत असते आणि जवळपास तेवढेच पैसे घेतात, म्हणजे गोळी तीच, दर दुपटीहून जास्त. पन्नासची शोधा, थोडं थांबावं लागलं तरी थांबा. सरावासाठी मी १२४ ग्रेनचीच एफएमजे घेते, ११५ ची एक-दोन डॉलरने स्वस्त असली तरी, कारण वजन सारखं असलं की झटका आणि निशाणा दोन्ही सारखे राहतात, हाताला एकच सवय लागते.

आता एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली आणि जी मला प्रत्येकीला हाताला धरून सांगावीशी वाटते. रोज रात्री पिस्तूल भरायचं आणि सकाळी रिकामं करायचं, आणि वरची गोळी परत मॅगझिनमध्ये सगळ्यात वर ठेवायची, असं मी वर्षभर करत होते. म्हणजे तीच एक गोळी शेकडो वेळा चेंबरच्या उतारावर आपटत होती. एक दिवस सहज ती नव्या गोळीशेजारी टेबलावर उभी केली तर चक्क बुटकी दिसली, पुढचं शिसं काडतुसात आत सरकलं होतं. आत सरकलं की आतली जागा कमी होते आणि प्रेशर एकदम वाढतं, पिस्तूल फुटू शकतं, हाताला इजा होऊ शकते. बाबांना फोटो पाठवला तर ते जे गप्प झाले, मग म्हणाले, "आम्ही एकेक राउंड गेजमध्ये घालून लांबी बघायचो, आणि तू हे वर्षभर हातात घेऊन बसली होतीस." तेव्हापासून मी एक गोळी दोनदापेक्षा जास्त चेंबरमध्ये घालत नाही, वरची काढली की ती खाली जाते, आणि दर महिन्याला सगळ्या ओळीत उभ्या करून पट्टी लावून बघते. जरा जरी बुटकी दिसली तरी ती उडवायची सुद्धा नाही, रेंजवर अशा गोळ्या टाकायचा डबा असतो त्यात टाकायची.

कायद्याचं दोन ओळीत, कारण आपल्या लोकांत याबद्दल फार भयंकर बेफिकिरी दिसते. एच-वन-बी किंवा एच-फोर व्हिसावर असाल तर फेडरल म्हणजे केंद्राच्या कायद्याने पिस्तूलच नाही, काडतूस जवळ ठेवणंसुद्धा गुन्हा आहे, शिकारीचं वैध लायसन्स असण्यासारखे काही मोजके अपवाद सोडले तर. मित्राने दिली म्हणून खिशात ठेवली, शोभेसाठी डेस्कवर ठेवली, असलं काही करू नका, ग्रीन कार्डची वाट बघताय आणि एका गोळीपायी सगळं जाईल. ग्रीन कार्ड आलं की घेता येतं. परवानाधारक दुकानातून पिस्तुलाची गोळी घ्यायला वय २१ पूर्ण लागतं.

आणि भारतात जाताना बॅग. रेंजवर नेलेली बॅग प्रवासाला कधीही, कधीही वापरायची नाही. अस्तराच्या फटीत एखादी गोळी राहते आणि ती मुंबईच्या नाहीतर दिल्लीच्या विमानतळावर एक्स-रेमध्ये दिसते, मग आर्म्स ॲक्टखाली केस, पासपोर्ट अडकतो, चूक होती हे सिद्ध करायला वकील आणि हायकोर्ट. अशा बातम्या दरवर्षी येतात. माझी रेंजची बॅग भडक नारिंगी आहे आणि ती गॅरेजमधून घरात येतच नाही.

एचएसटीचं उणं काही सांगायचं झालं तर एवढंच की हिचं तोंड रुंद आहे, त्यामुळे काही जुन्या पिस्तुलांत, ज्यांचा उतार फक्त गोल नाकासाठी बनवलेला आहे, तिथे ती अडखळू शकते, अशांनी गोल्ड डॉट किंवा लाल टोकवाली आधी करून बघावी. आणि सगळे हिच्याच मागे असल्यामुळे टंचाई आली की ही सगळ्यात आधी गायब होते, २०२० मध्ये तर महिनोन्महिने दुकानांचे रॅक रिकामे होते असं इथले जुने लोक सांगतात. म्हणून मी दोन पेट्या कायम पुढच्या ठेवते.

मॅगझिनमधल्या गोळ्या मी वर्षातून एकदा बदलते. खंडेनवमीला. बाबांच्या फॅक्टरीत त्या दिवशी मशीन थांबवून, पुसून, झेंडूच्या माळा घालायचे, आम्हा पोरांना आत सोडायचे आणि पेढे मिळायचे, तो दिवस माझ्या डोक्यात पक्का बसलाय. आदल्या शनिवारी मी रेंजवर जाऊन जुन्या सोळाच्या सोळा गोळ्या उडवते, एकेक मोजून, न अडकता गेल्या का बघत. मग घरी येऊन पिस्तूल उघडून साफ करते, थोरली आता पंधराची आहे, ती शेजारी बसून स्प्रिंग पुसून देते. नवमीला सकाळी पिस्तूल रिकामं करून पाटावर ठेवतो, शेजारी नवऱ्याची टूलबॉक्स, माझा लॅपटॉप, मुलींची दप्तरं, सगळ्यांना हळद-कुंकू. संध्याकाळी नवी पेटी उघडते, पट्टी लावून सोळा गोळ्या निवडते, भरते, आणि तिजोरीच्या दाराच्या आत चिकटवलेल्या कागदावर तारीख लिहिते. त्या कागदावर आता तीन तारखा आहेत.